प्रेरणा फोल्डरात सापडत नाही

सबमिशनच्या आदल्या रात्री डिझाइनच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप पाहावा: 'फायनल', 'फायनल २', 'आता खरंच फायनल'. शिवाय पिंटरेस्टवर जमवलेली, पुन्हा न उघडलेली ढीगभर चित्रं. हा साठा झाला, अभ्यास नव्हे.

अभ्यासासाठी बाहेर पडावं लागतं. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टपासून चालत जाण्याच्या अंतरावर क्रॉफर्ड मार्केट आहे. १८६९ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या दारावरची शेतकऱ्यांची उठावशिल्पं जे. जे.मध्येच शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची. तिथे उभं राहून हमालाची पाटी, फळांची रास, दुकानाच्या फलकावरची वळणं वहीत उतरवावीत. प्रत्येक पानावर तारीख आणि जागा लिहावी. फाइलच्या नावातही तारीख, विषय, आवृत्ती. एवढी शिस्त पुरे.

कॉलेजांनी पोस्टरसोबत ही कच्ची वहीही मागावी आणि तिला गुण द्यावेत.