पाच धावांवर कोच तोलणाऱ्यांना

रणजी करंडकाचा मोसम संपला की विदर्भात एक वाद हमखास डोकं वर काढतो. नागपूरपासून लांब असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात तर तो जास्तच हिरिरीने घातला जातो. संघ हरला तर कोच ठेवायचा की काढायचा? ‘काढायचा’ म्हणणाऱ्यांचे एक म्होरके जिल्ह्याच्या क्रीडावर्तुळात चांगले परिचित आहेत. बक्षीस समारंभ असो की शालेय स्पर्धेचं उद्घाटन, त्यांच्या भाषणात हा मुद्दा येतो आणि टाळ्या घेऊन जातो. टाळ्या वाजवणाऱ्यांत क्रीडाशिक्षकही असतात, हे जास्त वाईट.

त्यांचं म्हणणं पाच वाक्यांत मावतं. कोचला मानधन जिंकून देण्यासाठी मिळतं, तेव्हा हरला की त्याने घरी जावं. आणि एकट्याने नव्हे, गोलंदाजीचा कोच, ट्रेनर, फिजिओ असा सगळा ताफा घेऊन जावं. नवा माणूस आला की संघ खडबडून जागा होतो, त्याचा पुरावा चंद्रकांत पंडित: विदर्भाकडे आले आणि पहिल्याच मोसमात करंडक. अमेरिकन फुटबॉलमध्ये साखळी संपली की लगेचच्या सोमवारी कोचची हकालपट्टी होते, म्हणून तो खेळ एवढा पुढे गेला. आणि जो स्वतः देशाकडून खेळला नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार?

शेवटच्या प्रश्नाला एक नाव पुरे आहे. अमोल मुजुमदार भारताकडून एकही सामना खेळले नाहीत, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते.

पंडितांच्या उदाहरणाचा मात्र सविस्तर हिशेब करायला हवा, कारण सगळी इमारत त्याच एका विटेवर उभी आहे आणि ती वीटच उलटी बसवलेली आहे. पंडित विदर्भाला मिळाले कसे? २०१५-१६ मध्ये त्यांच्या हाताखाली मुंबईने ४१वं रणजी विजेतेपद मिळवलं. पुढच्या मोसमातही मुंबई अंतिम फेरीत पोचली. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर गुजरातपुढे ३१२ धावांचं लक्ष्य होतं. रणजीच्या अंतिम सामन्यात तोवर कोणी एवढ्या धावांचा पाठलाग करून जिंकलेलं नव्हतं. पार्थिव पटेलने १४३ धावा काढल्या आणि गुजरात जिंकला. दोन मोसमांत एक करंडक आणि एक उपविजेतेपद, एवढा जमाखर्च समोर असताना मुंबईने पुढच्या मोसमासाठी समीर दिघे यांना नेमलं. म्हणजे ‘हरला की बदला’ हे सूत्र पाळलं ते मुंबईने. विदर्भाला त्याचं फळ आयतं मिळालं.

मग काय झालं? डिसेंबर २०१७ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत कर्नाटकने मुंबईला एक डाव आणि २० धावांनी हरवलं, तेही नागपुरात. त्याच कर्नाटकला उपांत्य फेरीत विदर्भाने बाहेर काढलं. १ जानेवारी २०१८ रोजी, वर्षापूर्वी मुंबई जिथे हरली होती त्याच होळकर स्टेडियमवर, विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि इतिहासात पहिल्यांदा रणजी करंडक नागपूरला आला. पुढच्या मोसमात सौराष्ट्राला हरवून तो राखलाही. मलकापूर-बुऱ्हाणपूर रस्त्याने इंदूर गाठणारी बुलढाण्याची मंडळी या मैदानाचा अभिमान आपलाच समजतात, आणि समजावाच. फक्त त्याच मैदानावर आधीच्या वर्षी काय घडलं, तेही त्यांनी सांगावं.

मुंबईला ४२वं विजेतेपद मार्च २०२४ मध्ये मिळालं. पंडितांनंतर तोवर दिघे, विनायक सामंत, अमित पागनीस, रमेश पोवार, मुजुमदार आणि ओंकार साळवी अशा सहा जणांनी ती जबाबदारी सांभाळली. कोच बदलल्याने करंडक येत असता, तर मुंबईइतक्या संधी कोणी घेतल्या होत्या?

पण खरी गंमत कोलकात्यात झाली आणि तिचा उल्लेख त्या भाषणात कधीच नसतो. ईडन गार्डन्सवरच्या त्या उपांत्य सामन्यात विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला होता. कर्नाटकने ३०१ केल्या. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ पर्यंत मजल मारली आणि कर्नाटकपुढे १९८ धावांचं लक्ष्य आलं. कर्नाटकचा डाव १९२ वर संपला. रजनीश गुरबाणीने त्या सामन्यात बारा गडी बाद केले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. पाच! शेवटच्या जोडीचा एक चेंडू कट लागून स्लिपमधून सीमेपार गेला असता आणि पुढच्यावर दोन धावा निघाल्या असत्या, तर पंडित ‘उपांत्य फेरीत हरलेले कोच’ झाले असते. सराव तोच, शिस्त तीच, गुरबाणीच्या चेंडूची टप्प्याची जागाही तीच. ‘हरला की घरी’ हे सूत्र लावलं असतं तर विदर्भाने त्याच आठवड्यात पंडितांना निरोप दिला असता, आणि दुसरा करंडक कुठल्या तरी दुसऱ्या गावाला गेला असता. कोचचं काम महिनोन्‌महिने चालतं. ते पाच धावांच्या काट्यावर तोलणं म्हणजे वर्षभराच्या शेतीचा हिशेब एका दुपारच्या आभाळावरून मांडणं.

शिवाय पंडित आले ते ओसाड जमिनीवर आले नव्हते. २०१४-१५ आणि २०१५-१६ अशी सलग दोन वर्षं विदर्भ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचलेला होता. फैज फजल, गणेश सतीश, वसीम जाफर ही अनुभवी मंडळी संघात आधीपासून होती. गोलंदाजांवर सुब्रतो बॅनर्जी मेहनत घेत होते. पंडितांचं मोठेपण यात आहे की त्यांनी हे सगळं हाताशी धरलं. ‘नवा माणूस आला आणि जादू झाली’ असं म्हणणाऱ्यांनी आधीच्यांचे कष्ट एका झटक्यात पुसून टाकले. बाहेरचे खेळाडू घ्यावेत की नाही, हा विदर्भातला आणखी एक जुना वाद. ‘आपल्या पोरांची जागा गेली’ म्हणणारे तेव्हाही होते. त्यातले कित्येक अंतिम सामन्याच्या दिवशी जाफरचा विजयी चौकार पाहायला टीव्हीसमोर बसले आणि दुसऱ्या दिवशी आपलं आधीचं म्हणणं विसरले. तोच गट आज कोचच्या बाबतीत तितक्याच ठामपणे बोलतो आहे.

याच सूत्राची उलटी बाजू पाहायची असेल तर फार मागे जायला नको. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवलं. अंतिम सामना गेला. कोच होते उस्मान घनी, विदर्भाचेच माजी खेळाडू. त्यांना काढलं नाही. पुढच्या मोसमात उपांत्य फेरीत विदर्भाने त्याच मुंबईला ८० धावांनी हरवलं. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेतली आणि २ मार्च २०२५ रोजी तिसरा करंडक उचलला. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ गडी बाद केले, रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम आहे. आदल्या वर्षी हरलेल्या सामन्यात तोही खेळला होता. हरल्यावर काय चुकलं हे ज्याला नेमकं ठाऊक होतं, त्यालाच पुढच्या वर्षी दुरुस्त करता आलं. बुलढाण्याच्या भाषणात घनींचं नाव एकदाही कसं येत नाही?

अमेरिकन फुटबॉलचं उदाहरण तर अर्धंच सांगितलं जातं. तिथे साखळी संपल्यावरच्या सोमवारी कोच काढले जातात, हे खरं. नवा मुख्य कोच आपली माणसं आणतो आणि जुन्या सहायकांची घरंही उठतात, हेही खरं. पण त्याच स्पर्धेत पिट्सबर्ग स्टीलर्स नावाचा संघ आहे. १९६९ पासून २०२५ पर्यंत त्या संघाचे मुख्य कोच फक्त तीन: चक नोल, बिल काउअर आणि माइक टॉमलिन. नोल यांच्या पहिल्या मोसमात संघाने १४ पैकी १३ सामने गमावले. आपल्याकडच्या सूत्राने त्यांना त्या सोमवारी सामान बांधायला लावलं असतं. मालकांनी ठेवलं, आणि १९७४ ते १९७९ या मोसमांत त्यांनी चार सुपर बोल जिंकून दिले. अमेरिकेचा दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यावा.

मुजुमदारांकडेही पुन्हा एकदा पाहायला हवं. २०२२ च्या रणजी अंतिम सामन्यात ते मुंबईचे कोच होते आणि हरले, समोर मध्य प्रदेशचे कोच होते पंडित. ऑक्टोबर २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात त्यांचा भारतीय संघ गटातच बाद झाला. वर्षभराने एकदिवसीय विश्वचषकात दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे सलग तीन सामने गेले. इंग्लंडविरुद्धचा चार धावांनी गेला, तोही इंदुरातच. त्या रात्री समाजमाध्यमांवर मुजुमदारांना काढण्याची मागणी चालली होती. अकरा दिवसांनी जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांवर भारताने ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग पूर्ण केला.

सगळा ताफा एकदम बदलण्याच्या सल्ल्यात सर्वात मोठा तोटा खेळाडूच्या शरीराचा होतो. कोणाचा गुडघा कधी दुखावला, कोणाला किती षटकं झेपतात, हे फिजिओ आणि ट्रेनर यांच्या वहीत असतं. ती माणसं गेली की पुढचा दुखापतीतूनच शिकतो.

आणि या सगळ्याचा जिल्ह्याशी काय संबंध? फार जवळचा. शालेय स्पर्धेत बुलढाण्याचा संघ अमरावती विभागात हरला की वरचंच सूत्र गावच्या क्रीडाशिक्षकावर चालवलं जातं. संस्थेच्या बैठकीत प्रश्न येतो, ‘सर, निकाल काय?’ मैदान पावसाळ्यात चिखलाचं असतं, जाळ्या फाटलेल्या असतात, मुलं एसटीच्या वेळेपर्यंतच थांबू शकतात. क्रीडाशिक्षकाला निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जुंपावं का, हा वाद तर किती वर्षं घातला जातोय, तरी निकाल लागलेला नाही. त्याला तिथे पाठवणारे आणि हरल्यावर जाब विचारणारे अनेकदा एकच असतात.

मग हवं काय? कोचला तीन मोसमांचा शब्द द्यावा. दरवर्षी त्याच्या कामाचा लेखी आढावा घ्यावा आणि त्यात करंडकाबरोबर किती पोरं पुढच्या वयोगटात गेली, किती जण दुखापतीने बसले, सरावाला मैदान किती दिवस मिळालं हेही लिहावं. ताफ्यातली माणसं बदलायची वेळ आलीच तर एकेक करून बदलावी. लहरी, दारूबाज किंवा मुलांशी गैर वागणारा कोच असेल तर त्याला एक दिवसही ठेवू नये; इथे पराभवाबद्दल बोलणं चाललं आहे, गुन्ह्याबद्दल नव्हे.

कोचला वेळ दिला की काय होतं, ते बुलढाण्यात प्रत्यक्ष घडलेलं आहे. इथल्याच चंद्रकांत इलग यांच्याकडे तिरंदाजी शिकलेल्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत माइक श्लोसर या जगातल्या अव्वल तिरंदाजाला १४९-१४८ असं हरवलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्यासोबत कम्पाउंडच्या सांघिक सुवर्णपदकाचा मानकरी झाला. कम्पाउंड धनुष्याची ओढ, खांद्याची ठेवण, बाण सोडतानाचा श्वास हे एका मोसमात बसत नाही. दर वर्षी नवा गुरुजी येऊन पकड बदलायला लावत असता, तर तो एक गुण कुठून आला असता? यंदाच्या पावसाळी स्पर्धा संपल्या की जिल्ह्यातल्या शाळांमध्ये पुन्हा निकालाच्या बैठका होतील. त्या बैठकांत क्रीडाशिक्षकाला बाहेर बसवून चर्चा करू नये, त्याला खुर्ची द्यावी आणि पुढच्या वर्षासाठी त्याला काय काय लागेल याची यादी आधी मागावी.