नाट्यगृह उभं राहील, पण भाडं परवडेल का?

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्याच दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ या नावाने ते उभारलं. आज त्याची मालकी महापालिकेची, म्हणजे आपल्या सगळ्यांची.

ज्या राजाने १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू केलं, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारगायकाचा मान दिला, त्याच राजाची ही वास्तू. म्हणून ती जळाली तेव्हा आम्हालाही घरचंच काही गेल्यासारखं वाटलं.

पुनर्बांधणीत दगडी भिंती, छत, खुर्च्या यांची चर्चा होते. ती हवीच. आग विझवण्याची यंत्रणा, वायरिंग यांची दरवर्षी तपासणीही हवी. पण आमचा मुद्दा भाड्याचा आहे. खर्च मोठा झाला म्हणून दर वाढले, तर हौशी नाटकवाले, मराठी-उर्दू शाळांची स्नेहसंमेलनं, मुशायरे, कव्वाली यांनी जायचं कुठे? नफा कमवायला खासगी हॉल आहेतच की!

दर ठरण्याआधीच आपल्या शाळा, जमाती, संस्थांनी महापालिकेला लेखी निवेदन द्यावं. नंतर तक्रार करून काय उपयोग?