‘कुणाचा रे तू?’

मंडळी, लिओ वराडकर यांचं नाव निघालं की आपली छाती अजून फुगते. वडील डॉ. अशोक वराडकर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. लिओ डब्लिनमध्ये जन्मले, डॉक्टर झाले आणि २०१७ ला वयाच्या ३८व्या वर्षी आयर्लंडचे पंतप्रधान. लगेच ‘आपला माणूस’!

पण खरं सांगा, यात आपलं कर्तृत्व काय?

बाप परदेशातून आलेला, आई नर्स. घरात राजकारण नाही. १९९९ ला पहिली स्थानिक निवडणूक हरले. २००४ ला कौन्सिलवर, म्हणजे आपल्या झेडपीसारख्या ठिकाणी, निवडून आले. २००७ ला संसदेत. आरोग्यमंत्री असताना २०१५ ला रेडिओवर सांगितलं, मी समलिंगी आहे. तरी अडीच वर्षांत पक्षानं पंतप्रधान केलं. आपल्याकडं असं सांगणाऱ्याला झेडपीचं तिकीट मिळेल? इथं परजिल्ह्यातून आलेल्या मास्तराच्या पोरालाही वीस वर्षांनी ‘बाहेरचा’ म्हणतात.

डॉक्टर आपल्या जिल्ह्यातही राजकारणात आले. डॉ. पद्मसिंह पाटील १९७८ पासून आमदार, मग मंत्री, २००९ ला खासदार. पुढं चिरंजीव राणाजगजितसिंह आमदार. २०२४ ला लोकसभेला सूनबाई अर्चनाताई. समोर ओमराजे निंबाळकर, तेही भावकीतलेच. निवडणूक लोकसभेची, लढत भावकीची!

कुणी म्हणेल, निवडून तर लोकांनीच दिलं ना? दिलं की. पण मतपेटीपर्यंत कोण पोचणार हे आधीच वाड्यावर ठरत असेल, तर आपण निवडतो म्हणजे नेमकं काय करतो?

वराडकर काही देवमाणूस नव्हेत. स्वतः डॉक्टर आणि आरोग्यमंत्री असूनही तिथल्या सरकारी दवाखान्यात ट्रॉलीवर ताटकळणाऱ्या पेशंटचा प्रश्न त्यांना सुटला नाही. पण मार्च २०२४ ला, पंचेचाळिशीत, या पदासाठी आता मी सर्वात योग्य माणूस नाही असं सांगून स्वतःहून बाजूला झाले. खुर्चीवर ना पोरगा बसवला, ना पुतण्या.

वीस वर्षं या जिल्ह्याच्या बातम्या लिहितोय. तिकीट मागायला गेलेल्याला पहिला प्रश्न एकच ऐकलाय, ‘कुणाचा रे तू?’ डब्लिनमध्ये तो प्रश्न आडवा आला असता तर वराडकर दवाखान्यातच राहिले असते.

पुढच्या झेडपीला, पालिकेला दारात येईल त्याला ‘कुणाचा’ विचारू नका. ‘काय केलंस’ एवढंच विचारा. ते जमत नसेल, तर वराडचा अभिमान वराडकरांनाच राहू द्या.