खंड पडला म्हणून काय झाले?

परवा विहारात वंदनेनंतर एक ताई आम्हाला भेटल्या. त्यांच्या थोरल्या लेकीने बारावी सायन्सनंतर घरखर्चासाठी चार वर्षे नोकरी केली. आता 'नीट' परीक्षा देऊन डॉक्टर व्हायचे म्हणते. "भाऊ, तिचे वय निघून गेले ना?"

आम्ही म्हटले, नाही ताई. २०२२ पासून या परीक्षेला कमाल वयाची अट नाही. प्रश्न १८०, गुण ७२०. निम्मे गुण जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. म्हणून अंदाजाने ठोकू नये. आधी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके पक्की करावीत. पेपर मराठीतूनही देता येतो. जात वैधता प्रमाणपत्राचे काम मात्र आजच हाती घ्यावे.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांनाही लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांनी नोकरी केली, पैसे जमविले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. खंड पडणे ही नामुष्की नव्हे.

घरच्यांनी एवढेच करावे: रोज चार तास लेकीला पाण्यासाठी, स्वयंपाकासाठी हाक मारू नये. टीव्हीही बंद ठेवावा.

जयभीम!