अनंत म्हणजे 'सगळे काही' नव्हे




विश्व अनंत आहे, म्हणून कुठेतरी हुबेहूब आपली पृथ्वी असणारच, असे मागील अंकातील एका पत्रात ठामपणे म्हटले आहे. त्यातला 'च' मला खटकला.

2, 4, 6, 8... ही यादी अनंत आहे, पण तीत 7 कधीच येणार नाही.

वर्गात मी हे फाशाने दाखवत असे. 24 वेळा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता जेमतेम सव्वा टक्का. टाकत राहिलो की ती शून्याकडे जाते. मुले खूश! मग मी खडूने सहाचे ठिपके बुजवून फासा त्यांच्या हाती देई. आता टाका जन्मभर. सहा येतो तो फाशावर सहा असतो म्हणून, आणि प्रत्येक दान आधीच्या दानापासून स्वतंत्र असते म्हणून. नुसते खूप वेळा टाकले म्हणून नव्हे.

विश्वाचेही तसेच. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी 2003 मध्ये आपल्या अशा जुळ्या प्रतीच्या अंतराचा अंदाज मांडला, तोही गृहीतकांवरच: जागा अनंत, ठरावीक भागात कणांच्या मांडण्या मर्यादित, आणि त्यातली प्रत्येक शक्य. यातले पहिलेच अजून सिद्ध नाही. दिसणारे विश्व सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षांपर्यंत पसरले आहे. ते जवळजवळ सपाट आहे असे मोजमापे सांगतात, पण सपाट विश्व मर्यादितही असू शकते.

ही कल्पना मलाही भुरळ घालते. म्हणूनच विनंती, की पत्रलेखकांनी आपण काय काय गृहीत धरले ते पुढील अंकात लिहावे.

— एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा