एकशे पंचाहत्तरावी बॅच

केमिकल कारखान्यात स्फोट झाला की आपल्याकडे पहिल्या दिवशीची बातमी ठरलेली असते : 'बॉयलर फुटला'. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये तेच, मे २०२४ मध्येही तेच. नंतर कळतं की बॉयलर बिचारा निर्दोष, मामला वेगळाच होता. पण तोवर वाचणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. मला या शब्दाचा रागच आहे. कुठलं तरी जुनं लोखंड दगा देऊन गेलं, असं त्यातून वाटतं. प्रश्न पुष्कळदा भांड्याचा नसतोच हो, आत जे शिजतंय त्याचा असतो.

पुष्कळ रासायनिक प्रक्रिया स्वतःच उष्णता सोडतात. ती बाहेर काढत राहिलं तर काही बिघडत नाही. गंमत (गंमत कसली म्हणा!) आकार वाढवला की सुरू होते. ओंजळभर शेण गारच असतं, पण थंडीत पहाटे उकिरडा उकरला तर आतून वाफा येतात. उष्णता तयार होते सगळ्या ढिगात, बाहेर पडते फक्त पृष्ठभागातून. भांडं सगळ्या बाजूंनी दहापट केलं तर आतला माल हजारपट होतो, थंड करणारी भिंत मात्र शंभरपटच. शिवाय तापमान दहा अंशांनी चढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे उष्णता वाढते चक्रवाढीने आणि बाहेर जाते सरळव्याजाने. एकदा ही शर्यत हरलात की संपलं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल गावी टी-टू लॅबोरेटरीज नावाचा छोटा कारखाना होता. पेट्रोलमध्ये घालायचं एक मँगनीजयुक्त रसायन ते बनवायचे. मालक दोघे, एक केमिस्ट, एक केमिकल इंजिनियर. म्हणजे अडाणी कुणीच नाही. प्रयोग एक लिटरच्या भांड्यात केले आणि उत्पादन सुमारे नऊ हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये घेतलं. पहिल्या दहा बॅचेसपैकी काहींत तापमान अपेक्षेपेक्षा जास्त चढलं होतं. कृतीत थोडे फेरफार झाले, गाडी रुळावर आली. पुढे तर बॅचचा आकार एक तृतीयांशाने वाढवलासुद्धा.

१९ डिसेंबर २००७ ला १७५ वी बॅच चालू होती. दुपारी १:२३ ला ऑपरेटरने निरोप दिला, कूलिंगला अडचण आहे, मालकांना बोलवा. १:३३ ला स्फोट झाला. चार माणसं गेली, त्यात एक मालक होता.

थंड करायला नळाच्या पाण्याची एकच लाइन होती, पर्यायी सोय नव्हती. पण चौकशीत त्याहून मोठी गोष्ट निघाली. सुमारे १९९ अंश सेल्सिअसच्या वर त्याच भांड्यात दुसरीच प्रक्रिया जागी होत होती, सोडियम आणि सॉल्व्हंट यांची आपसातली. ती पहिलीपेक्षा कितीतरी आडदांड. रिअॅक्टरची सुरक्षा-चकती सुमारे २८ बार दाबाला फुटणारी होती. ५ बारला फुटणारी असती तर दुसरी प्रक्रिया सुरू व्हायच्या आतच दाब निघून गेला असता, असं चाचण्यांत दिसलं.

हे आधी कळलं असतं का? हो. काही ग्रॅम नमुना कॅलरीमीटरमध्ये हळूहळू तापवला की अशी दडून बसलेली प्रक्रिया दिसते. मग तीन प्रश्न विचारायचे. आत्ता या क्षणी थंड पाणी बंद पडलं तर तापमान कुठवर चढेल? तिथे आणखी काही सुरू होतं का? आणि होत असेल तर स्फोटापर्यंत वेळ किती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चोवीस तासांच्या वर आलं तर शक्यता कमी धरायची, आठ तासांच्या आत आलं तर कृतीच बदलायची, असा एक रूढ ठोकताळा आहे. जॅक्सनव्हिलला हातात होती दहा मिनिटं.

आपल्याकडे हे प्रश्न विचारले की हमखास उत्तर मिळतं, "साहेब, वीस वर्षं हाच माल काढतोय, कधी काही झालं नाही." १७४ बॅचेसचा पुरावा तिथेही होता. त्या सगळ्यांत पाणी चालू होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं! जॉबवर्कवाल्या छोट्या युनिट्सची काळजी मला जास्त वाटते. पार्टी कृती देते, त्यात किलो असतात, तास असतात, यील्ड असतं. किती उष्णता निघते, हा रकाना बहुतेक वेळा नसतोच. माझं म्हणणं सोपं आहे : तो आकडा नसेल तर ऑर्डर घेऊ नये आणि परवाना देणाऱ्यानेही तो मागितल्याशिवाय सही करू नये. चाचणीचा खर्च परवडत नाही असं म्हणणाऱ्याने तो पार्टीच्या बिलात लावावा. नमुना जातो ग्रॅममध्ये, माल निघतो टनांत.

आणि हा प्रश्न कारखान्याच्या भिंतीआडच राहत नाही. टी-टूच्या स्फोटात बत्तीस जण जखमी झाले, त्यातले अठ्ठावीस त्या कारखान्याचे नव्हतेच. आजूबाजूच्या धंद्यांत आपापलं काम करत होते. भिंतीपलीकडे काय शिजतंय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण, आतल्यांनाच ते पुरतं ठाऊक नव्हतं.