आमच्या रस्त्याला चौदा इंचीच बरी

मैंदर्गीत हल्ली नवी गाडी आली की पेढ्यांच्या आधी चाकांचा विषय निघतो. शोरूममधून गाडी बाहेर काढायची, कंपनीची चाकं उतरवायची आणि सोलापुरातून सोळा-सतरा इंची अलॉय चढवूनच गावात शिरायचं, अशी पोरं माझ्या ओळखीत आहेत. मी गाडी भाड्याने चालवतो. स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला आलेली माणसं पुढे गाणगापूरला न्यायची, दुधनी स्टेशनावर उतरलेल्यांना आणायचं, कुणाच्या घरी अडचण आली की रात्रीअपरात्री पेशंट घेऊन सोलापूर गाठायचं. पोरं मलाही सोडत नाहीत. "अण्णा, तुम्ही पण सोळा इंची टाका की ओ, गाडी कशी उठून दिसतीय बघा!" दिसते, त्यात वाद नाही. पण पैसे मला पोचवायचे मिळतात.

माझी डिझायर. खालच्या मॉडेलला कंपनी 165/80 आर 14 हे टायर देते, वरच्याला 185/65 आर 15. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. आता कागद-पेन घ्या. 165 चे 80 टक्के 132. 185 चे 65 टक्के 120. रिम धरून अख्खं चाक मोजलं तर दोन्हीकडे 620 मिलिमीटरच्या आसपास, फरक जेमतेम दोनचा. म्हणून तर एकाच गाडीला दोन्ही मापं चालतात. पोरांच्या सल्ल्याने 195/55 आर 16 बसवलं तरी चाक 621 चंच राहतं, भिंत मात्र 107 वर येते. रिम दोन इंचांनी वाढली ती वरून इंचभर आणि खालून इंचभर रबर खाऊन. ते इंचभर रबर आमच्याकडे कुठे खर्ची पडतं, ते गाडी चालवणाऱ्याला विचारा.

सोलापूर-अक्कलकोट रस्ता चौपदरी झाला, तिथे कुठलंही चाक पळतं. अडचण आतल्या रस्त्यांची आहे. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर उठतं-बसतं. त्यावरून हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात. डांबराची कड तुटून साइडपट्टी वीतभर खाली गेलेली असते. समोरून एसटी आली की डावी चाकं खाली उतरवावीच लागतात. उतरताना काही होत नाही. परत वर चढताना डांबराची ती धारदार कड टायरच्या नेमक्या भिंतीला लागते. भिंत उंच असेल तर ती दबते, धक्का गिळते आणि परत उभी राहते. बुटकी असेल तर कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटते. आतले धागे तुटतात, आणि दोन-चार दिवसांनी गाडी धुताना दिसतं की भिंतीवर लिंबाएवढा फुगा आलाय. बोटाने दाबला तर मऊ लागतो. तो पंक्चर काढून बरा होत नाही. नक्षी नवी कोरी असली तरी तो टायर टाकूनच द्यायचा, कारण तो कुठे आणि किती वेगात फुटेल याचा भरवसा नाही. शिवाय नुसता टायर गेला तर साध्या विम्यात दमडी मिळत नाही.

रिमचंही तेच. माझ्या चौदा इंची लोखंडी डिस्कला बाक आला तर पंक्चरवाला हातोडीने ठोकून हवा धरेल इतपत सरळ करून देतो आणि मी भाडं घेऊन निघतो. अलॉय वाकण्याऐवजी तडकण्याची भीती जास्त. पहाटे तीनला, मागच्या सीटवर कळा येणारी बाई असताना, सतरा इंची टायर मैंदर्गीत कोण देणार?

दुसरी एक जमात आहे, ती उंचीवाली. त्यांना चाक देखणं नको असतं, गाडी उचललेली हवी असते. पंधराच्या रिमवर 205/65 चढवतात. चाक 26 मिलिमीटरने वाढतं, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे 13 मिलिमीटर. करंगळीच्या जाडीएवढी! त्यासाठी स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर चाक लायनिंगला घासण्याचा धोका घ्यायचा, पिकअप मारायचा, आणि वर मीटर खोटं करून घ्यायचं. चाक चार टक्के मोठं झालं की मीटर शंभर दाखवतं तेव्हा गाडी एकशे चार किलोमीटर गेलेली असते. किलोमीटरवर पैसे घेणाऱ्या माझ्यासारख्याने हे करणं म्हणजे दर फेरीला स्वतःच्या खिशातून डिझेल घालणं. वेगाचा काटाही त्याच हिशोबाने मागे राहतो.

टायरच्या भिंतीवर मापाच्या पुढे आणखी दोन-तीन खुणा असतात, त्या कुणी वाचत नाही. 85 टी असं असेल तर एका टायरवर 515 किलोपर्यंत वजन आणि ताशी 190 पर्यंत वेग. गाडीत पाच माणसं, डिकीत प्रसादाचे नारळ आणि बायाबापड्यांची गाठोडी, वर मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन. अशात दिखाऊ माप मिळालं म्हणून कमी वजनाचा टायर घेणं हा शुद्ध वेडेपणा. आणि चार आकडी तारीख बघाच: पहिले दोन अंक आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

कायद्याचंही बघा. गाडीचे मूळ तपशील कंपनीने दिले त्याच्याशी विसंगत होतील असे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सांगितलं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर चाकाकडे बोट दाखवेल तेव्हा अलॉयचं दुकान बंद झालेलं असतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. त्याच मॉडेलला कंपनी जी मापं देते त्यांतलंच एक घ्या, आणि दोन असतील तर आमच्या भागात लहान रिमवालं घ्या. रुंद टायर चांगल्या रस्त्यावर वळणात गाडी धरून ठेवतो, हे मला मान्य आहे. पुण्या-मुंबईचा एक्सप्रेसवे रोज करणाऱ्याने जरूर पंधरा-सोळा घ्यावं. कंपन्यांवर माझा राग वेगळाच. चांगले दिवे, मागचा कॅमेरा हवा असेल तर वरचं मॉडेल घ्या, आणि वरचं मॉडेल घेतलं की बुटक्या भिंतीचं चाक गळ्यात. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या हौसेपायी तालुक्यातल्या माणसाला पर्यायच ठेवायचा नाही, ही कुठली रीत? बुकिंगच्या फॉर्मवर रंग निवडता येतो तसं चाकही निवडू द्या.

उंचीवाल्यांना मात्र मी पूर्ण दोष देत नाही. त्यांची खरी तक्रार गतिरोधकांबद्दल आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने किरकोळ रस्त्यांसाठी 1988 सालीच माप घालून दिलंय: उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर. म्हणजे लांबून हळूहळू चढणारा आणि तसाच उतरणारा. आमच्याकडे शाळेपुढे, देवळापुढे, कुणाच्या तरी दारापुढे जे उभे राहतात त्यांना उंची असते, रुंदी नसते. भरलेली गाडी चेंबर घासल्याशिवाय जात नाही. टायरचे 13 मिलिमीटर तिथे काय पुरणार? बांधकाम खात्याने आणि नगरपरिषदेने एक टेप घेऊन अक्कलकोट ते दुधनी एकदा चालत जावं आणि मापाबाहेरचे उंचवटे उखडून मापात बांधावेत. टेप नसेल तर माझ्या डिकीत आहे.